नदीपर्यंत पायी

साकोली मागे पडली की माझा लेक गाडी जोरात काढतो आणि मी खिडकीची काच खाली करते. "आई, एसी सुरू आहे," तो म्हणतो. असू दे ना सुरू! कार्तिकात या रस्त्यानं काच लावून जायचं म्हणजे पंगतीत नाक दाबून जेवायला बसायचं. बाहेर लवकर पिकणारा हलका धान कापून शेताच्या बांध्यांत आडवा पडलेला आहे, दवानं भिजलेला, आणि ऊन लागलं की त्यातून वास उठतो. ओलसर, गोडसर, थोडा चिखलाचाही. लेकाला तो येत नाही. त्याला मोबाईलवर रस्ता दिसतो आणि दिघोरी किती वेळात येणार तेही दिसतं. आम्हाला हा रस्ता पुरवून पुरवून खायचा असायचा. तो लवकर संपवायची घाई आमच्यात कोणालाच नव्हती.

मी सांगते ती सत्तर-ऐंशीच्या दरम्यानची वर्षं. आमचं घर एकोडीला. मामाचं गाव वैनगंगेच्या काठी, दिघोरीच्याही पुढे. दिवाळी झाली, हलका धान घरी आला आणि भारी धान अजून बांधीत उभाच आहे, अशी थोड्या दिवसांची एक फट आमच्या झाडीपट्टीत दरवर्षी पडते. त्या फटीत गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. आज या गावची, उद्या त्या गावची. जिथे मंडई तिथे कोणीतरी सोयरा, आणि सोयरा तिथे मुक्काम. बोलावणं लागत नाही. उलट गेलं नाही तर लोक भांडतात, "काहून आले नाही वो यंदा? आमचा भात कडू लागते का?" तर आम्ही घरचे चौघं, बाबा, माय, माझी मोठी बहीण शकुन आणि मी, मंडई पाहत पाहत मामाच्या गावापर्यंत पायी जायचो. काम काही नसायचं. फिरायला जायचो, बस. आता लोक पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढायला जातात आणि फोटो टाकतात. आमचा बाबा खांद्यावर कावड घेऊन निघायचा. एका टोकाला पांघरुणं, दुसऱ्या टोकाला भात शिजवायचा गंज, लोटा आणि मुरमुऱ्यांची पिशवी. त्याचा कधी कोणी फोटो काढला नाही.

काय काय होतं त्या वाटेवर! सकाळचं धुकं बोड्यांच्या पाण्यावर बसलेलं असायचं. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात, आणि दर गावाला अशा दोन-चार तरी असतातच. बोडीत मासे धरणारे ढिवर लोक शिंगाडे काढत असायचे आणि पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, त्यांच्या बाया मोठ्या गंजात ते उकडत असायच्या. काळ्या सालीचे गरम शिंगाडे ओंजळीत घेतले की हात आधी भाजायचे आणि मग छान शेकायचे. दूर बांधीत सारसांची जोडी उभी असायची, माणसाएवढी उंच. एकानं मान वर करून हाक दिली की दुसरा लगेच ओ द्यायचा. बाबा म्हणायचा, "पाहा, नवरा-बायको कसे बोलून राहिले." माय म्हणायची, "तुमच्यापरीस बरे बोलतात." आता सारस नाही. मी गाडीतून किती वेळ पाहते, एकही दिसत नाही. शिंगाडे आहेत, पण ते हातगाडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मोहाच्या झाडाखाली आम्ही बसायचो. माय लाखोळीच्या डाळीचे वडे काढायची, बाबा पाठ टेकून डोळे मिटायचा. पुढच्या गावच्या मंडईतली ढोलकी वाऱ्यासोबत कधी जवळ यायची, कधी दूर जायची. मी उड्या मारायची, "चला ना, चला ना!" आणि बाबा एक डोळा उघडून म्हणायचा, "मंडई पळून जाते का?" मला वाटायचं, बाबाचा स्वभावच आळशी. आमच्या त्या चालण्यातला निवांतपणा कोणासाठी होता हे मला फार उशिरा कळलं. तो शकुनसाठी होता.

शकुन दुखणाईत होती. दिसायला सुंदर, माझ्यासारखी काळीसावळी नव्हे, पण डोळ्यांचे पांढरे भाग कायम पिवळट. काठीसारखी बारीक. पाच-सहा महिने चांगली राहायची, हसायची, मला चिमटे काढायची, आणि मग एका सकाळी तिची हाडं दुखायला लागायची. कुठलं एक हाड नाही, सगळीच. ती ओरडायची नाही. उशीचा कोपरा दातात धरायची आणि त्या कापडाला भोकं पडायची. तान्ही होती तेव्हा तिचे हातपाय सुजायचे, बोटं अगदी फुगून यायची. तेव्हाच गावातल्या जाणत्या बायांनी सांगून ठेवलं होतं की पोरीच्या अंगात पाणी जास्त आहे. पाणी पाजाल तेवढं पायात उतरेल. डॉक्टरकडे नेलं नाही असं नाही. त्यानं सुई दिली, तांबड्या गोळ्या दिल्या, वात आहे म्हणाला. म्हणून माय तिचं पाणी मोजायची. जेवणावर अर्धा लोटा, झोपताना दोन घोट. चालताना तर नाहीच. आणि माझी माय न्यायानं वागणारी बाई होती. लेकीला जेवढं द्यायची तेवढंच स्वतः प्यायची. उन्हात तिचे ओठ फुटलेले मी पाहिलेत.

ज्या वर्षाचं सांगायचं आहे त्या वर्षी शकुन सोळाची झाली होती. आमच्याकडे मंडईत नुसती खरेदी होत नाही, पोरीही पाहिल्या जातात. पाहुणी बाई सहज बोलल्यासारखं करते, पोरीला चार पावलं चालताना पाहते, हात धरून बांगड्यांचं माप विचारते, आणि घरी जाऊन सांगते. शकुनकडे कोणी असं येत नव्हतं. एकोडीची ती पोरगी दुखणाईत आहे, ही गोष्ट आमच्या पुढे पुढे चालत गावोगाव पोचली होती. मायच्या काळजाला ते लागलं होतं. तिनं नवस केला. लेक घरापासून नदीपर्यंत आपल्या पायानं येईल, कुठे गाडीत बसणार नाही, आणि कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे निरंकार उपासानं वैनगंगेत तीन बुड्या घेईल. गंगामाय, तिचं दुखणं घेऊन जा.

शकुनला हे मनापासून मान्य होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की पोरीला बळंच चालवलं. कोणी चालवलं नाही. तिलाच बरं व्हायचं होतं हो! तिला रोवणीच्या बायांत उभं राहून चिखलात धान लावायचा होता. त्या गाणी म्हणत वाकतात ना एका रांगेत, त्यात जायचं होतं. ती मला म्हणायची, "मी बरी झाली की तुले पाठीवर घेऊन धावतो का नाही पाहा."

साकोलीपर्यंत ती मस्त चालली. पुढच्या दिवशी दुपारून तिच्या मांड्या भरून आल्या. ती दर झाडाशी थांबायला लागली, झाडाला हात लावायची आणि जसं काही झाडच पाहायला थांबली असं दाखवायची. मागून एक खाचर आलं, धानाच्या पेंढ्या लादलेली बैलगाडी. गाडीवान ओळखीचा नव्हता, पण भला माणूस. "बसवा ना पोरीले," तो म्हणाला. "कोठंवरी जाऊन राहिले तुम्ही?"

बाबानं कावड खाली ठेवली. "बस वो बाई. चार झाडं पुढं उतरून जाजो. देव काय पाहून राहिला का?"

"पाहूनच तं राहिला बाबा," शकुन म्हणाली. "तो आपल्यासाठीच बसला आहे ना तिथं."

मायच्या तोंडावर मला दोन्ही दिसलं, बसावं असंही आणि बसू नये असंही. गाडीवानानं बैलांना हाक दिली आणि धुळीत खाचर पुढे निघून गेलं. बाबा पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत होता.

दिघोरीच्या अलीकडे एक बोडी आहे. होती म्हणू की आहे म्हणू? आहे, अर्धी बुजली आहे. माय आणि बाबा पुढे निघून गेले होते, आम्ही दोघी मागे राहिलो. शकुन पाळीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि जीभ त्यांना चिकटत होती. बोलताना आवाजही येत होता, चट चट असा. "मले घोटभर पाणी आणून दे ना वो," ती म्हणाली. "कोणाले सांगू नोको." मी काय, लहान पोर. मी घसरत खाली गेले, कमळाचं पान तोडलं, त्यात पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून सांडत सांडत वर आणलं. ते पानावरचं पाणी कसं पळतं! तिनं माझ्या मनगटांना धरून तोंड लावलं. एक घोट झाला, दुसरा झाला, आणि आम्हाला शोधत परत आलेल्या मायचा हात मागून आला. पान उडून गेलं. दुसरा हात माझ्या गालावर.

"मारतं का तिले?" माय ओरडली. "जीव घेतं का माह्या पोरीचा?"

असं माय कधी ओरडत नसे. मी रडले ते मारापेक्षा त्या शब्दांनी. शकुन ओला ओठ जिभेनं पुसत होती आणि माझ्याकडे पाहून हळूच हसली.

दिघोरीच्या मंडईत त्या संध्याकाळी आम्ही जिलेबी खाल्ली. बांगड्यांच्या दुकानापाशी एक ठसठशीत बाई आली, मोठं कुंकू लावलेली. तिनं शकुनचा हात धरला. "कोणत्या गावची वो?" मायनं सांगितलं. बाईच्या भुवया वर गेल्या, म्हणजे गोष्ट तिच्यापर्यंत आली होती. "कशानं आले?" "पायी," माय म्हणाली, आणि तो शब्द तिनं असा उच्चारला की शेजारच्या दुकानवाल्यानंही वर पाहिलं. "एकोडीवरून? ही पण?" "ही पण." ती बाई शकुनला वरून खाली पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग काय बिमार आहे म्हणतात लोक! लोकायले काही काम नाही." माझी माय त्या दिवशी जेवताना हसत होती. आम्ही तिला तसं हसताना पाहून चकित झालो होतो. बाबानं तिची नक्कल केली, "पायी! पायी!" आणि तिनं त्याला चमचा फेकून मारला.

मला त्या संध्याकाळचा राग येतो. इतकं सुख कशाला दाखवलं?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शकुन मामाच्या अंगणात आपल्या पायांनी चालत आली. मामीनं तिच्या पायांवर पाणी ओतलं, पाय सुजले होते. माय म्हणाली, "पाहा, दोन घोटानं काय केलं," आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर शकुनला काहीच मिळालं नाही, ना अन्न ना पाणी. नवसच तसा होता. पहाटे आम्ही घाटावर गेलो. नदीवर धुकं एवढं की पलीकडचा काठ नाही. बायांनी द्रोणात दिवे सोडले होते, ते थोडे दूर गेले की नाहीसे व्हायचे. पाणी इतकं थंड होतं की मी बोट घालून लगेच काढलं. माय शकुनला घेऊन छातीपर्यंत आत गेली. तिनं तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि बुडवलं. एक. शकुन वर आली, तोंड उघडं, आवाज नाही. दोन. तीन. काठावरच्या बाया म्हणाल्या, "झालं वो माय, झालं, सुटली पोरगी." शकुन वाळूत येऊन बसली. दात वाजत होते आणि ती हसत होती. मला म्हणाली, "चाललो ना मी? सांग सगळ्यायले."

दुपारी दुखणं उठलं. आधीचं सगळं दुखणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. मायनं वाळू तापवून शेकलं, मामानं जडीबुटीवाला आणला, आणि श्वास घेताना छातीत सुरी लागल्यासारखं होतं असं ती म्हणायला लागली तेव्हा बाबानं खाचर जुंपलं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. तिचे ओठ ओले करू का, असं मी विचारलं होतं. मायनं मान हलवली, नाही. जाऊ द्या ते.

येताना आम्ही एसटीनं आलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला एसटीचा प्रवास. खिडकीतून सगळी गावं उलटी पळत गेली, मोहाची झाडं, बोड्या, बांगड्यांचं दुकान होतं ती मोकळी जागा. एका दुपारीत सगळं संपलं. बाबानं कावड बसच्या टपावर टाकली होती, ती उतरवायची तो विसरला. नंतर त्यानं दुसरी केली नाही. आम्ही पुन्हा कधी मंडईला पायी गेलो नाही. त्या ठसठशीत बाईचा निरोप पुढं आला होता म्हणे, पोरगी पसंत आहे. घरात ते कोणी मोठ्यानं बोललं नाही.

मायनं मला दोष दिला. रोज नाही, अशी ती नव्हती. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदा, भांडण दुसऱ्याच कशाचं असायचं आणि तिच्या तोंडून निघायचं, "तुनं पाणी पाजलं नसतं तं." वाक्य पुरं करायची नाही. मी ते वाक्य घेऊन मोठी झाले, ते घेऊनच सासरी गेले. मलाही खरं वाटत होतं ना! पाणी पायात उतरलं, नवस बाटला, गंगामायनं त्या बुड्या मानल्या नाहीत. मी रागानं जळायची. तिच्यावर, स्वतःवर, त्या कमळाच्या पानावरसुद्धा.

"आई, शिंगाडे घेऊ?" लेकानं दिघोरीपाशी गाडी थांबवली आहे. घे म्हटलं. आम्ही मामाच्या नातवाच्या लग्नाला चाललो आहोत. मामाचं गाव आता पुनर्वसनाचं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि घाट, वाळू, जुनं अंगण सगळं त्याच्याखाली गेलं. लोक त्यावर रडले, अजून रडतात. मी रडले नाही. मला त्या घाटावर पुन्हा उभं राहायचं नव्हतं, तो बुडाला ते बरं झालं.

मी पाळीवर चढून उभी राहते. गुडघे कुरकुरतात. बोडीत पाणी थोडं, बेशरमाची झाडं फार. उन्हात कापलेल्या धानाचा वास येतो आणि माझ्या मनात मायची शेवटची वर्षं येतात, माझ्या घरातली.

बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणली होती. माझी पोरगी तेव्हा शाळेत जायची. शाळेत पोरांचं रक्त तपासलं आणि काही दिवसांनी आरोग्य केंद्रातली सिस्टर आमच्या घरी आली. पोरीला सिकलसेल आहे म्हणाली. रक्ताचं दुखणं, आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे, आईबापांकडून येतं. तान्हेपणी हातपाय सुजले होते का, डोळे पिवळे होतात का, हाडं दुखतात का, सगळं विचारत होती आणि मी हो, हो म्हणत होते. तिचे शब्द पुढे जात होते आणि मी शकुनच्या उशीचा कोपरा पाहत होते. माय जवळच बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "सांभाळलं तर पोरगी चांगली राहते. फार थकवायचं नाही, लांब चालवायचं नाही. उपास बिलकूल नाही. थंड पाण्यानं आंघोळ नाही, नदी-तलावात तर नाहीच. अन् पाणी भरपूर पाजा. पाणी कमी पडलं की रक्त नसात अडकते, मंग दुखणं उठते."

सूप थांबलं.

"बाई," माय म्हणाली, "हातपाय सुजले तं? तवा बी पाणी पाजाचं का?"

"तेव्हा तर जास्त पाजायचं, आजी."

मायनं मान हलवली. सिस्टर चहा पिऊन गेली. मायनं तांदूळ निवडून संपवले, खडे अंगणात टाकले, पोरीला हाक मारून लोटाभर पाणी दिलं आणि ती पिईपर्यंत समोर उभी राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, भिंतीवर डोकं आपटेल. मला वाटलं होतं आता माझी पाळी, आता मी बोलेन, इतक्या वर्षांचं सगळं बोलेन. पण ती म्हातारी किती लहान दिसत होती!

दिवेलागणीला ती माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली. माझ्या गालावर तिनं हात ठेवला, उजव्या, जिथं मारलं होतं तिथंच.

"त्या बोडीवर तुनं तिले पाणी पाजलं होतं ना वो," ती म्हणाली. "मी आलो तवरिक पोटभर पेली होती का ती?"

दोन घोट. तिसरा पानासोबत उडून गेला होता, आणि ते तिनंच उडवलं होतं. ते तिला माहीत होतं. तरी ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, पाहतच होती.

"हो माय," मी म्हटलं. "पोटभर पेली."